मिग-२१ चं १/४८ मॉडेल, भारतीय हवाई दलाच्या रंगात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लास्टिकच्या किटमधून मिग-२१ बनवताना जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. सगळं १/४८ स्केल (खऱ्या विमानाचा अठ्ठेचाळिसावा हिस्सा) धरून लिहिलं आहे. १/७२ ला पद्धत तीच, फक्त चुका लपवायला जागा आणखी कमी.

पहिलंच लढाऊ जेट बनवायचं आहे. मिग-२१ घ्यावं का?

हो. बांधणी म्हणजे मुळात एक लांब नळकांडं, दोन त्रिकोणी पंख आणि शेपूट. दोन इंजिनं नाहीत, बाजूला हवेचे वाकडेतिकडे मार्ग नाहीत, घडीचे पंख नाहीत. आणि भारतीय विमान करायचं असेल तर रंगांची ददात नाही. १९६३ मध्ये चंडीगडला २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनपासून सुरुवात झाली आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडलाच निरोप झाला. मधल्या बासष्ट वर्षांत हे विमान चंदेरी, हिरवं-तपकिरी, करडं अशा सगळ्या वेशांत दिसलं. त्यातली सुमारे सहाशे विमानं एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्सने) बांधली, नाशिकजवळच्या ओझरला.

अडचण एकच, पण मोठी: नळकांडं असल्यामुळे नाकापासून शेपटीपर्यंत वर आणि खाली सलग सांधा येतो. चंदेरी रंगात तो सांधा लपत नाही. म्हणून पहिलं मॉडेल करड्या किंवा हिरव्या-तपकिरी रंगातलं निवडा, चंदेरी दुसऱ्या खेपेला.

किट आधी घ्यायचं की फोटो आधी शोधायचे?

फोटो आधी. नेमकं कोणतं विमान, कोणत्या वर्षातलं, शेपटीवर किंवा नाकावर कोणता क्रमांक, हे ठरल्याशिवाय किटला हात लावू नका. "भारतीय मिग-२१" या एका नावाखाली निदान चार वेगळी दिसणारी विमानं येतात. चुकीचं किट घरी आलं की पाठ कापणं, शेपूट बदलणं, कॅनोपी (कॉकपिटवरचं काचेचं झाकण) शोधणं हे सगळं मागे लागतं. एका विमानाचे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे फोटो मिळाले तर उत्तम. एकाच बाजूचा असेल तर दुसऱ्या बाजूच्या छलावरणाची (कॅमोफ्लाजची) रेषा त्याच स्क्वाड्रनच्या, त्याच काळातल्या दुसऱ्या विमानावरून घ्या.

एफएल, एम, बिस आणि बायसन या मिग-२१ च्या प्रकारांतला फरक बाहेरून कसा ओळखायचा?

एफएल, म्हणजे हवाई दलातलं 'टाइप ७७': पाठ बारीक, कॅनोपी पुढच्या बाजूला बिजागरी असलेली आणि समोरची काच तिच्याचबरोबर उचलली जाणारी. पंखाखाली दोन्ही बाजूंना एकेकच पायलॉन (शस्त्र टांगायचा आधार). आत तोफ नाही. पिटो नळी (नाकावरची हवेचा वेग मोजणारी लांब नळी) वर, बरोबर मध्यावर.

एम आणि एमएफ: पाठ जाड, समोरची काच वेगळी आणि स्थिर, कॅनोपी उजवीकडे उघडणारी, पंखाखाली चार पायलॉन, पोटाखाली जीएसएच-२३ या दुनळी तोफेचा फुगवटा. पिटो नळी मध्यापासून उजवीकडे सरकलेली.

बिस: पाठ आणखी भरीव, शेपटीच्या मुळापर्यंत जवळजवळ सलग गेलेली. बाकी ठेवण एमएफसारखी.

बायसन हे सुधारलेलं बिस. समोरची काच चौकटी नसलेली, एकसंध. क्रमांकापुढे 'सीयू' अक्षरं. साध्या बिस किटमधून बायसन करायचं तर ही काच वेगळी मिळवावीच लागते. किटमधल्या काचेच्या चौकटी घासून आणि पॉलिश करून काम भागत नाही, कारण काचेचा आकारच निराळा आहे.

पिटो नळीची जागा ही सगळ्यात पटकन पटणारी खूण. फोटो कितीही धूसर असला तरी ती दिसते.

कोणतं स्केल, कोणतं किट?

खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर आणि पिटो नळीसकट एमएफची लांबी १५.७६ मीटर. म्हणजे १/७२ मध्ये साधारण १० बाय २२ सेंटिमीटर, १/४८ मध्ये १५ बाय ३३ आणि १/३२ मध्ये २२ बाय ४९. कपाटाची खोली आधी मोजा. १/३२ चं मिग सहसा कपाटात आडवं मावत नाही.

१/४८ मध्ये एड्वार्ड या चेक कंपनीची किटं घ्या, त्यावर फार विचार करायची गरज नाही. पीएफ, पीएफएम, एमएफ, बिस असे प्रकार त्यांनी काढले आहेत आणि 'प्रोफिपॅक' खोक्यात रंगीत फोटोएच पत्रा (रसायनाने कोरलेले धातूचे बारीक भाग) आणि रंगवताना कॅनोपी झाकायचे कापलेले मास्क येतात. एफएल करायचं तर पीएफ हा पाया. मात्र खोक्यात रुंद शेपूट आणि तिच्या मुळाशी असलेली ब्रेक-पॅराशूटची नळी आहे का, हे स्प्रूच्या (भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीच्या) चित्रात बघूनच पैसे द्या. १/३२ मध्ये ट्रंपेटर आहे. जुन्या साच्यांची स्वस्त किटं सरावाला चालतात, पण त्यांच्या उठावदार पॅनेल रेषा (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा) घासून पुन्हा कोरायच्या म्हटलं तर वाचलेले पैसे वेळेत जातात.

किटशिवाय काय काय लागतं?

स्प्रू कापायला पातळ तोंडाचा निप्पर, क्र. ११ चं पातं असलेला चाकू, टोकदार चिमटा, ४०० पासून २००० पर्यंतचे वॉटर पेपर (हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते चालतात), मास्किंग टेप, पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचा द्रव), सायनोॲक्रिलेट (सुपरग्लू), लांबी (फटी भरायची पुट्टी) आणि प्रायमर. सिमेंटमध्ये तामियाचं एक्स्ट्रा थिन आणि प्रायमरमध्ये मिस्टर सरफेसर १२०० किंवा १५०० हे जवळपास सर्वमान्य.

काही गोष्टी आपल्याकडच्या चांगल्या चालतात. कॅनोपी चिकटवायला फेव्हिकॉल, तामियाचे ॲक्रिलिक रंग पातळ करायला केमिस्टकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, एअरब्रश धुवायला रंगाच्या दुकानातलं एनसी थिनर. हे थिनर मॉडेलवर मात्र थेंबभरही सांडू देऊ नका, प्लास्टिक विरघळतं. परदेशातून रंग मागवायचा विचार असेल तर लॅकर ज्वलनशील असल्याने विमानाने सहसा येत नाहीत. इथल्याच विक्रेत्याकडे जे मिळतं त्यावर बेत आखा.

भाग धुवायचेच का?

हो. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेल राहिलेलं असतं. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, जुना टूथब्रश. गरम पाणी नको, पातळ भाग वाकतात.

कॉकपिटचा रंग कोणता, आणि किती तपशील पुरे?

एम आणि बिसचं कॉकपिट निळसर हिरव्या रंगाचं असतं, बऱ्याच रशियन लढाऊ विमानांसारखं. पाश्चात्य विमानांचा पिवळट हिरवा 'इंटीरियर ग्रीन' इथे चालत नाही. मुख्य पॅनेलवर मध्यभागी उभी पांढरी रेघ असते. विमान गिरकीत सापडलं तर वैमानिकाने दांडा त्या रेघेवर आणायचा, अशी ती सोय. १/४८ मध्ये ती रेघ असली की पॅनेल लगेच मिगचं वाटतं.

रंगीत फोटोएच वापरत असाल तर दोन थरांचं पॅनेल चकचकीत वार्निशने चिकटवा, सायनोॲक्रिलेटने नाही. वार्निश भाग हलवायला वेळ देतं, आणि घड्याळांवर त्याचा एकेक थेंब टाकला की काचही तयार होते. पत्रा गुळगुळीत टाइलवर ठेवून कापा. मऊ पृष्ठभागावर पातं दाबलं की कडा वाकते आणि रंग टवका होऊन उडतो.

तपशील कुठे थांबवायचा? कॅनोपी बंद ठेवणार असाल तर खुर्चीचे पट्टे आणि वरचं पॅनेल पुरे. खालच्या बाजूच्या खोक्यांवर आठवडा घालवलात तरी ती पुन्हा कुणाला दिसत नाहीत.

फ्यूजलाजचे (विमानाच्या धडाचे) दोन भाग नीट मिटत नाहीत. का?

आत खूप काही कोंबलेलं असतं: कॉकपिटची टोपली, तिच्याखाली पुढच्या चाकाची विहीर, पुढे हवेचा मार्ग आणि नाकातला शंकू, मागे एक्झॉस्टची नळी. यांतला एखादा भाग अर्धा मिलिमीटर वर बसला तरी फट पडते. पुष्कळदा दोष जाड रंगाचा असतो. जोडणाऱ्या कडांवर आणि खुंट्यांवर साचलेला रंग खरवडून टाका.

सिमेंट लावण्याआधी सगळं मास्किंग टेपने बांधून बघा. कुठे अडतंय ते कळत नसेल तर भाग एकेक करून काढा आणि दर वेळी मिटवून बघा. ज्याला काढल्यावर फट जाते तो दोषी. रबरबँड आवळून बंद करायचा मोह होतो, पण ताणात चिकटवलेला सांधा नंतर वॉशमधल्या (रेषांत सोडायच्या पातळ गडद रंगातल्या) व्हाइट स्पिरिटने किंवा नुसत्या उन्हाने उलतो.

हवेच्या मार्गाची आतली बाजू आणि एक्झॉस्टची नळी बंद करण्याआधीच रंगवा. नाकाच्या भोकातून सरळ आत दिसतं, तिथला सांधा नंतर घासता येत नाही.

विमान शेपटीवर बसेल का? वजन किती घालायचं?

ठरावीक आकडा सांगण्यापेक्षा तपासणी सोपी आहे. फ्यूजलाज, पंख आणि शेपूट टेपने तात्पुरते जोडा. मुख्य चाकांचे पाय जिथे येतात त्या दोन जागांखाली दोन टूथपिक आडवे ठेवून मॉडेल त्यावर टेकवा. नाकावर छोट्या पिशवीत वजन वाढवत जा. नाक खाली गेलं की तेवढं वजन मोजा आणि त्यात चौथा हिस्सा आणखी मिळवा, कारण रंग, एक्झॉस्ट आणि शेपटीचे बारीकसारीक भाग अजून यायचे आहेत.

जागा शंकूच्या पोकळीत. चाकांपासून जितकं लांब, तितकं कमी वजन पुरतं: अंतर दुप्पट तर वजन निम्मं. शिशाचे बारीक छर्रे किंवा गळाला लावायचं शिसं भरलं तर एका घनसेंटिमीटरमध्ये सहा-सात ग्रॅम मावतं.

शिसं फेव्हिकॉलमध्ये बसवू नका. त्यातल्या आम्लामुळे शिसं हळूहळू पांढरं पडून फुगतं आणि दोन-चार वर्षांनी मॉडेलचं नाक आतून फुटतं. इपॉक्सी किंवा सायनोॲक्रिलेट वापरा आणि काम झालं की हात साबणाने धुवा.

सांधा घासून गुळगुळीत केला, तरी रंगानंतर पुन्हा दिसतो. काय चुकतं?

घाई. पातळ सिमेंट प्लास्टिक विरघळवतं. विरघळलेलं प्लास्टिक सुकताना आकसतं, आणि ते आकसणं तासाभरात संपत नाही. आज चिकटवून आज घासलं की उद्या तिथे केसाएवढी खाच पडते. करायचं ते असं: दोन भाग एकमेकांवर ठेवा, ब्रशचं टोक सांध्याला लावा, सिमेंट आपोआप आत ओढलं जातं. पंधरा-वीस सेकंदांनी हलकेच दाबा, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकची बारीक वरंब सांध्यावर उठते. एका वेळी तीन-चार सेंटिमीटरच करा. मग निदान एक पूर्ण दिवस, जमल्यास दोन दिवस, हात लावू नका. वरंब ४००-६०० च्या ओल्या पेपरने काढा, ८००-१००० ने ओरखडे मिटवा.

उरलेल्या फटीला लांबीपेक्षा सायनोॲक्रिलेट बरं, कारण ते आकसत नाही. पण ते तासाभरात घासलं पाहिजे. रात्रभर राहिलं तर प्लास्टिकपेक्षा कडक होतं आणि घासताना बाजूचं प्लास्टिक झिजून मध्ये उंचवटा उरतो.

घासताना पेपर बोटावर धरू नका. गोल अंगावर बोटाचा दाब एकाच जागी पडून सपाट पट्टा तयार होतो, आणि तो चंदेरी रंगात आरशासारखा चमकतो. पेपरची लांब पट्टी करून बूट पुसल्यासारखी आडवी फिरवा.

तपासणीसाठी सांध्यावर प्रायमर किंवा काळा रंग मारा आणि दिव्याखाली तिरपं धरून बघा. पांढऱ्या प्लास्टिकवर नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही.

घासताना पॅनेल रेषा पुसल्या गेल्या. आता?

डायमोची जाड चिकटपट्टी रेषेच्या कडेला लावा आणि सुईसारख्या स्क्रायबरने ओढा. पहिले चार-पाच हात निव्वळ स्वतःच्या वजनाने, दाब न देता. दाब दिला की टोक पट्टी सोडून भटकतं. रेषा बारीक ठेवा. १/४८ मध्ये ०.१ मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर जवळपास पाच मिलिमीटरची फट, तीही जास्तच. लांबीवर कोरलेली रेषा कडेने ढासळते, सायनोॲक्रिलेटवर ती स्वच्छ येते. सांध्याला सायनोॲक्रिलेट वापरण्याचं हे दुसरं कारण.

पंख सरळ बसवायचे ना?

नाही. मिग-२१ चे पंख टोकांकडे दोन अंशांनी खाली झुकलेले असतात. समोरून बघताना दोन्ही टोकं टेबलापासून सारख्या उंचीवर आहेत की नाही ते पट्टीने मोजा आणि सिमेंट सुकेपर्यंत खाली पुस्तकांचा आधार द्या. शेपटीचा उभा पंख काटकोनात हवा. त्यातला एका अंशाचा कलही लांबून दिसतो.

कॅनोपी आतून धुरकट झाली. साफ होईल का?

बाहेर राहिलेली असेल तर हो: २००० च्या पेपरने घासून टूथपेस्टने पॉलिश. पण चिकटवून बसवली असेल तर अवघड. सायनोॲक्रिलेटची वाफ काचेवर पांढरी बसते, बंद कॉकपिटमध्ये जास्तच. म्हणून कॅनोपीला फेव्हिकॉल किंवा चकचकीत ॲक्रिलिक वार्निश लावा. कॉकपिटमध्ये आधी कुठेही सायनोॲक्रिलेट वापरलं असेल तर काच बसवण्याआधी दोन दिवस हवा लागू द्या.

एअरब्रशशिवाय जमेल का?

करड्या बायसनला स्प्रे कॅनने रंग देता येतो. तपकिरी-हिरव्याला ब्रशही चालतो, मात्र रंग पातळ करून तीन-चार थरांत. चंदेरीला एअरब्रश हवाच.

घेणार असाल तर ०.३ मिमी नोझल, दाब नियंत्रक आणि पाणी अडवणारा फिल्टर असलेला कॉम्प्रेसर. लॅकर एका भागाला दीड ते दोन भाग थिनर, हवेचा दाब १२ ते १५ पीएसआय. तामिया ॲक्रिलिक एकास एक, १५ ते १८ पीएसआय. रंग वाळूसारखा खरखरीत बसत असेल तर तो हवेतच सुकतोय: थिनर वाढवा, जवळ या, दाब कमी करा. कोळ्याच्या पायांसारखे ओघळ पसरत असतील तर थिनर कमी करा आणि थोडं लांब जा. वालेहो रंगात आयसोप्रोपिल कधीही घालू नका, कपातच त्याचं दही होतं.

लॅकर मारताना साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही. सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क आणि बाहेर हवा फेकणारा पंखा, दोन्ही हवेत.

पावसाळ्यात रंग पांढरट का पडतो?

थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर जमते. जुलैत मुंबईत किंवा कोकणात चकचकीत काळा मारला की राखाडी दिसतो तो यामुळेच. वेळ बदलून बघा, पाऊस थांबलेल्या दुपारी. खोलीत एसी असेल तर तासभर 'ड्राय' वर चालवा. थिनर सावकाश उडणारं वापरा, उदाहरणार्थ मिस्टर लेव्हलिंग थिनर. पांढरेपणा आलाच असेल तर त्याच थिनरचा अगदी हलका फवारा मारल्यावर बहुतेकदा जातो. नळीतून पाण्याचे थेंब येत असतील तर फिल्टर भरला आहे, तो दर अर्ध्या तासाने रिकामा करा.

चंदेरी मिग: धातू धातूसारखा कसा दिसेल?

तळाला चकचकीत काळा, आणि तो काचेसारखा. धातूचा रंग स्वतःचं काही झाकत नाही, खालचं सगळं वाढवून दाखवतो. काळ्यात एक केस अडकला असेल तर तो चंदेरीत दोरीएवढा दिसतो. काळा रंग पूर्ण सुकू द्या, निदान ४८ तास. नीट न सुकलेल्या काळ्यावर चंदेरी मारला तर तो तडकतो किंवा मेणचट होतो.

धातूचा रंग १० ते १२ पीएसआयने, पाच-सहा सेंटिमीटरवरून, तीन-चार भुरभुरत्या थरांत. मिस्टर कलरचा 'सुपर फाइन सिल्व्हर' किंवा ॲल्क्लॅडचा ॲल्युमिनियम घ्या. 'क्रोम' घेऊ नका, विमान स्टीलच्या पातेल्यासारखं दिसतं. मग काही पॅनेल वेगळ्या छटांत: त्याच रंगात काळ्याचे किंवा गडद ॲल्युमिनियमचे थेंब मिसळून, पाच-सात पॅनेल पुरे. एक्झॉस्टजवळची मागची पट्टी मात्र स्पष्ट गडद, थोडी निळसर-तपकिरी, कारण तिथला धातू तापून रंग बदलतो.

शंकू आणि शेपटीचं टोक हिरवं असतं. आत अँटेना असल्याने तो भाग धातूचा नाही. चाकांच्या रिमही हिरव्या, आणि हे पुष्कळ जण विसरतात. टायरला शुद्ध काळा नको. तामियाचा एक्सएफ-८५ हा रबराचा काळा बरोबर बसतो.

धातूवर उघड्या बोटांनी धरू नका. घामाचे ठसे उमटतात आणि वार्निशखाली कायमचे राहतात.

१९७१ च्या युद्धातलं विमान करायचं आहे. घाईघाईत मारलेला रंग कसा दाखवायचा?

युद्धाआधी एफएल विमानं उघड्या धातूची होती. युद्धाच्या तोंडावर स्क्वाड्रनच्या पातळीवर त्यांवर हिरवा-तपकिरी रंग चढवला गेला, कुठे ढग, कुठे वाघासारखे पट्टे. म्हणून इथे 'प्रमाण' नमुना नाही, तुमच्या विमानाचा फोटो हाच नमुना.

पद्धत हेअरस्प्रेची. चंदेरी लॅकर मारून एक दिवस सुकवा. त्यावर साधा हेअरस्प्रे वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून दोन हलक्या थरांत मारा आणि वीस मिनिटं थांबा. मग हिरवा, पण तामियासारखा ॲक्रिलिकच आणि शक्यतो पाण्याने पातळ केलेला. वर लॅकर मारलं तर पाणी आत झिरपत नाही आणि सगळा खटाटोप वाया जातो. अर्ध्या तासाने एक छोटा भाग पाण्याने ओला करा, मिनिटभर थांबा, आखूड केसांच्या कडक ब्रशने हलकेच घासा. खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि हिरव्याचे कपचे उडून चांदी उघडी पडते. हे काम त्याच दिवशी उरका, दुसऱ्या दिवसापर्यंत रंग हट्टी होतो.

कपचे कुठे? पंखाची पुढची कड, कॉकपिटवर चढायची डावी बाजू, उघडझाप होणाऱ्या झडपा, इंधनाची झाकणं. आणि माप लक्षात ठेवा: मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे विमानावरचा पाच सेंटिमीटरचा टवका. तेवढे सगळीकडे उडवलेत तर विमान भंगारातलं वाटेल. शेवटी वार्निश मारून थांबवा, नाहीतर डिकलच्या (पाण्यात भिजवून लावायच्या छापील चिन्हांच्या) पाण्यानेही रंग निघत राहतो.

टेपबरोबर रंगही निघाला.

तीन कारणं असतात: भाग धुतला नव्हता, प्रायमर नव्हता, किंवा टेप सरळ वर ओढली. टेप आधी हाताच्या पाठीवर दोनदा चिकटवून कमजोर करा आणि काढताना स्वतःवर दुमडून, पृष्ठभागाला समांतर, सावकाश. निघालेल्या जागेची कड २००० ने घासून पायरी मिटवा, मगच पुन्हा रंग.

डिकलखाली चांदीसारखी चमक येते.

ती अडकलेली हवा. खरखरीत, मॅट पृष्ठभागावर डिकल खड्ड्यांवर तरंगते. आधी चकचकीत वार्निश, मग डिकल, मग सगळ्यावर मॅट. धातूचा रंग काळ्या ग्लॉसवर मारला असेल तर तो मुळातच गुळगुळीत असतो, वेगळं वार्निश लागत नाही.

कोमट पाण्यात अर्धा मिनिट, कागदावर आणखी मिनिटभर, मग सरकवा. खाली मायक्रो सेट, वर मायक्रो सॉल किंवा मिस्टर मार्क सॉफ्टर हे डिकल मऊ करून बसवणारे द्राव. सॉल लावल्यावर डिकल सुरकुततं आणि काळजात धस्स होतं. हात लावू नका, सुकताना ते ताणलं जाऊन रेषांत बसतं. चमक राहिलीच तर सुईने टोचून पुन्हा सॉल. एड्वार्डच्या अलीकडच्या डिकलची वरची पारदर्शक फिल्म पूर्ण सुकल्यावर सोलून काढता येते. फक्त शाई उरते आणि स्टेन्सिल (विमानावरच्या बारीक छापील सूचना) छापल्यासारखे दिसतात.

हवाई दलाचं गोल चिन्ह बाहेर केशरी, मग पांढरं, मध्ये हिरवं. किटमधले रशियन अक्षरांचे स्टेन्सिल भारतीय विमानावर लावू नका, इंग्रजी स्टेन्सिलची वेगळी शीट घ्या. जुनी शीट असेल तर एक बिनकामाचं डिकल आधी भिजवून बघा. त्याचे तुकडे झाले तर उरलेल्या शीटवर लॅकर वार्निशचा एक थर मारून, सुकल्यावर प्रत्येक चिन्ह कडेने कापून घ्या.

वॉश कोणता, किती?

एनॅमल वॉश, गडद करडा-तपकिरी. चंदेरीवर शुद्ध काळा वॉश दिला की विमान चित्रकथेतलं वाटतं. रेषेत ब्रशचं टोक लावा, वॉश धावू द्या, पंधरा-वीस मिनिटांनी हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, पुढून मागे, पुसा. उघड्या प्लास्टिकवर किंवा ताण असलेल्या सांध्यावर वॉशचं तळं साचू देऊ नका, चाकांचे पाय यामुळेच मोडतात. मळ वरपेक्षा पोटाखाली जास्त: तोफेमागे काजळी, झडपांमागे तेलाचे ओघळ.

पंखाखाली काय लावायचं?

एफएलला प्रत्येक पंखाखाली एकच पायलॉन आहे, त्यामुळे निवड थोडी: दोन के-१३ क्षेपणास्त्रं, किंवा १६ नळ्यांचे दोन यूबी-१६ रॉकेट पॉड. पोटाखाली ४९० लिटरची टाकी, नाहीतर जीपी-९ तोफेचा पॉड, एका वेळी दोन्ही नाहीत. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्यातल्या गव्हर्नमेंट हाउसवर २८ स्क्वाड्रनची चार मिग गेली ती ५७ मिमी रॉकेट घेऊन. दोन पॉड म्हणजे एका विमानाला ३२ रॉकेटं. हे विमान करायचं तर पॉडच्या तोंडाची भोकं ड्रिलने खोल करा. साच्यातली उथळ भोकं चेहराच घालवतात.

एम, बिस आणि बायसनला चार पायलॉन आहेत, म्हणून सगळं लादायचा मोह होतो. आर-७३ आणि आर-७७ ही क्षेपणास्त्रं फक्त बायसनवर.

पिटो नळी दर वेळी मोडते.

प्लास्टिकची लावूच नका. वळवलेली पितळी नळी तयार मिळते, नाहीतर इंजेक्शनच्या जाड सुईत बारीक सुई बसवून टेलिस्कोपसारखी करा. नाकात नळीच्या जाडीच्या ड्रिलने पाच-सहा मिलिमीटर खोल भोक आधीच पाडून ठेवा, नळी मात्र अगदी शेवटी, वार्निशनंतर बसवा.

खरं विमान जवळून कुठे बघायला मिळेल?

मिग-२१ दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात मिग-२१ च्याच हट्टाने फिरण्यापेक्षा कोणतंही जेट जवळून बघा: वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एचएफ-२४ मरुत, पुण्याच्या दक्षिण कमांड युद्धस्मारकात मिग-२३, दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक आणि सी हॅरियर. रिव्हेट किती बारीक असतात, पॅनेलच्या कडा कुठे उचललेल्या असतात, चाकाच्या विहिरीत पाइप कसे जातात, हे तिथे कळतं. रंग मात्र तिथून उचलू नका. प्रदर्शनातली विमानं सोयीच्या रंगात पुन्हा रंगवलेली असतात.

तयार मॉडेल ठेवायचं आणि न्यायचं कसं?

ॲक्रिलिकची बंद पेटी, थेट ऊन नाही, पावसाळ्यात कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या. उन्हात पारदर्शक वार्निश पिवळं पडतं.

प्रवासात चाकांवर उभं ठेवू नका. खोक्यात फोमचे दोन ठोकळे कापा, एक पंखाच्या मुळापाशी आणि एक शेपटीच्या पुढे, त्यावर पोट टेकवा आणि चाकं अधांतरी ठेवा. क्षेपणास्त्रं पायलॉनला चिकटवण्याऐवजी ०.३ मिमी तारेच्या खुंट्यांवर बसवली असतील तर काढून वेगळ्या डबीत ठेवता येतात. पिटो नळीवर प्लास्टिकच्या स्ट्रॉचा तुकडा सरकवा, आणि त्यावर लाल रिबन बांधा, म्हणजे खोकं उघडणाऱ्याचा हात आधी तिकडे जाणार नाही.